मालट्रकच्या चाकात हवा कसली हवी?

पेट्रोलपंपावर गाडी उभी केली की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो : "साधी हवा भरू की नायट्रोजन?" साधी हवा बहुतेक ठिकाणी फुकट, नायट्रोजनला चाकामागे थोडे पैसे मोजावे लागतात. पैसे मोजले की व्हॉल्वच्या काळ्या टोपीच्या जागी हिरवी टोपी बसते, आणि आपण काहीतरी शास्त्रीय केले या समाधानाने गाडीवाला पुढे निघतो. मागच्या सीटवरचे आजोबा पुटपुटतात, "पाणी विकत घेत होतोच, आता वाराही घ्या!" नातू त्यांना ऐकवतो, "आजोबा, विमानाच्या चाकात हेच भरतात." गंमत अशी की दोघांचेही म्हणणे बरोबर आहे.

घरच्या मोटारीपुरता हा वाद चहाच्या कपाबरोबर संपण्यासारखा आहे. मालट्रकच्या बाबतीत मात्र तो इतक्या सहज मिटत नाही. आणि ज्याच्याकडे ट्रक नाही त्यानेही त्यात लक्ष घालावे, कारण महामार्गावर आपली मोटार ज्या चाकांच्या शेजारून जाते ती चाके ट्रकचीच असतात.

दहा चाकी ट्रक मालासकट २८ टनांच्या घरात जातो. मागच्या आठ चाकांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला अडीच टनांहून अधिक वजन येते. हे वजन रबर पेलते अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. रबर आणि त्यातल्या तारा किंवा नायलॉनचे धागे म्हणजे एक मजबूत पिशवी. वजन पेलते ती पिशवीत कोंडलेली हवा. मोटारीच्या चाकात ३०-३५ पौंडांची हवा असते, तर ट्रकच्या चाकात १०० ते १२० पौंडांची. पौंड म्हणजे दर चौरस इंचावर पडणारा दाब, पण बोलताना नुसते 'पौंड' म्हटले की भागते. इतक्या दाबाचे चाक वेगात फुटले तर काय होते, हे रस्त्याकडेला पडलेल्या रबराच्या फाटक्या पट्ट्या रोज सांगत असतात.

तेव्हा कोणी म्हणाले, की चाकात साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरा म्हणजे चाके फुटणार नाहीत, तर ऐकणाऱ्याला ते पटावे हे साहजिक आहे. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत, टायरच्या रबरात सिलिकॉन मिसळणे आणि टायरमध्ये नायट्रोजन भरणे सक्तीचे करण्याचा सरकारचा विचार असल्याचे सांगितले होते. गोष्ट संसदेपर्यंत गेली म्हणजे तिच्यात काही तथ्य असलेच पाहिजे. ते आहेच. प्रश्न एवढाच की ते किती, आणि कोणत्या जागी?

आधी या वायूची थोडी कुळकथा. १७७२ साली एडिंबरा येथे डॅनियल रदरफर्ड नावाच्या तरुण अभ्यासकाने कोंडलेल्या हवेतून जळण्याला आणि श्वासाला लागणारा भाग काढून घेतला, तेव्हा एक वायू शिल्लक उरला. त्यात दिवा विझे, उंदीर मरे. हाच नायट्रोजन; आपल्या शाळेच्या पुस्तकांतला नत्रवायू. पुढे १८४५ साली रॉबर्ट टॉमसन याने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. घोडागाड्यांच्या त्या काळात ते कोणाला फारसे नको होते. लोक विसरून गेले. मग १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती पुन्हा शोधून काढली, आणि तेव्हापासून जग हवेवर चालू लागले. रदरफर्ड, टॉमसन, डनलॉप, तिघेही स्कॉटलंडचे. नायट्रोजन विकण्याची कल्पना मात्र त्यांपैकी एकालाही सुचली नाही.

न सुचण्याचे कारणही उघड आहे. आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ऑक्सिजन, म्हणजे आपला प्राणवायू, २१ टक्के; उरलेल्या एका टक्क्यात आर्गॉन आणि इतर किरकोळ मंडळी; शिवाय ऋतुमानाप्रमाणे पाण्याची वाफ. म्हणजे फुकटची साधी हवा भरली तरी चार भागांपैकी तीन भागांहून अधिक नायट्रोजनच चाकात जातो. पंपावरचे यंत्र तो निर्माण करत नाही. ते साधी हवाच आत ओढते, दाबाखाली बारीक पोकळ तंतूंच्या जुडग्यातून किंवा कोळशासारख्या सच्छिद्र पदार्थातून जाऊ देते, आणि त्या वाटेत ऑक्सिजन व पाण्याची वाफ वेगळी काढते. उरते ते ९५ टक्क्यांच्या वर नायट्रोजन असलेले कोरडे मिश्रण. नायट्रोजन भरणे याचा अर्थ नेमकेपणाने सांगायचा तर ऑक्सिजन आणि ओल काढून टाकणे. पुढचे सारे यावरून उलगडते.

पहिला फायदा गळतीचा. पंक्चर नसले तरी चाकाची हवा हळूहळू उतरतेच, कारण रबरातून वायू झिरपतात. ऑक्सिजन नायट्रोजनच्या तिप्पट-चौपट वेगाने झिरपतो. त्यामुळे ऑक्सिजन काढून टाकलेले चाक आपला दाब जास्त दिवस राखते. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने २००६-०७ मध्ये मोटारीच्या ३१ प्रकारच्या टायरांवर हा प्रयोग वर्षभर केला. ३० पौंडांपासून सुरुवात केली. वर्षाच्या शेवटी साध्या हवेची चाके सरासरी साडेतीन पौंड उतरली आणि नायट्रोजनची २.२ पौंड. फरक सव्वा पौंडाचा, तोही वर्षाला. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या २००९ सालच्या अहवालातही नायट्रोजनची गळती साध्या हवेच्या सुमारे दोन तृतीयांश भरली. फायदा खरा आहे. पण जो माणूस महिन्यातून एकदा हवा तपासतो त्याला तो जाणवणारही नाही. याहून कितीतरी मोठी गळती १९३७ साली अमेरिकेत शोधलेल्या ब्युटाइल रबराने थांबवली. आज ट्यूबमध्ये आणि ट्यूबलेस टायरच्या आतल्या अस्तरात त्याच जातीचे रबर असते. त्याच्यासाठी कोणी वेगळी टोपी लावली नाही, म्हणून ते कोणाला ठाऊक नाही.

दुसरा मुद्दा उष्णतेचा, आणि येथे मात्र बाजारात बऱ्याच कंड्या पिकल्या आहेत. 'नायट्रोजन थंड असतो, चाक तापू देत नाही' असे अनेकजण छातीठोकपणे सांगतात. नायट्रोजन थंड नसतो. तापमान वाढले की कोंडलेला वायू दाब वाढवतो, मग तो नायट्रोजन असो की साधी कोरडी हवा. वाढीचे प्रमाण दोघांचेही सारखेच. पहाटे ३० अंशांवर ११० पौंड भरलेले ट्रकचे चाक धावून धावून ७० अंशांपर्यंत तापले, तर दाब १२७ पौंडांच्या आसपास जातो. नायट्रोजन भरला असता तरी तो तितकाच जाईल.

फरक पडतो तो पाण्याने. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतली वाफ थिजून पाणी साठते. टाकीच्या तळाला तोटी असते. ती रोज उघडून हे पाणी सोडून द्यायचे असते. किती ठिकाणी ते रोज सोडतात हे वाचकांनीच एखाद्या टपरीवर उभे राहून पाहावे. न सोडलेले पाणी हवेबरोबर चाकात जाते, आणि चाक तापले की त्याची वाफ होऊन वरच्या हिशेबात आणखी चारेक पौंडांची भर घालते. शिवाय रिमला आतून गंज चढतो तो वेगळाच. नायट्रोजन यंत्रातून कोरडा येतो, म्हणून हे टळते. पण मग टाकीची तोटी रोज उघडणाऱ्या पंक्चरवाल्याकडची साधी हवाही जवळजवळ तेवढेच काम करील!

तिसरा मुद्दा रबराच्या आयुष्याचा, आणि तो मोटारीपेक्षा ट्रकला जास्त लागू आहे. चाकाच्या आतून झिरपणारा ऑक्सिजन जाता जाता रबराला आतून जुने करत जातो. मोटारवाला टायर गुळगुळीत झाला की टाकून देतो. ट्रकवाल्याचे तसे नसते. तो त्याच सांगाड्यावर नवे रबर चढवून घेतो, एकदा नव्हे, शक्य तर दोनदा. ज्याला सांगाडा पुन्हा वापरायचा आहे त्याने त्याच्या आत ऑक्सिजन जितका कमी ठेवावा तितके चांगले. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्या नायट्रोजनचे यंत्र आपल्या आवारात बसवतात ते काही हौसेने नव्हे.

आता नातवाने सांगितलेल्या विमानाकडे वळू. विमानात नायट्रोजन भरतात ही गोष्ट खरी. पण तो नियम कसा झाला ही कथा सहसा कोणी सांगत नाही.

३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिको सिटीहून एक बोइंग ७२७ विमान उडाले. त्याच्या एका चाकाचा ब्रेक नीट सुटत नव्हता. धावपट्टीवर धावतानाच तो घासून भयंकर तापला, आणि तसाच तापलेला, चाकासह विमानाच्या पोटात गेला. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. रबर फार तापले की त्यातून जळाऊ वाफा निघतात; बंद टायरच्या आत त्या वाफांना दाबाखालचा ऑक्सिजन मिळाला. टायर हवेतच बॉम्बसारखा फुटला, त्याने इंधनाच्या आणि ब्रेकच्या तेलाच्या नळ्या तोडल्या, आग लागली. विमान डोंगरावर कोसळले. १६७ माणसे होती. एकही वाचले नाही. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने हुकूम काढला की मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन पाच टक्क्यांहून अधिक असता कामा नये.

ही नायट्रोजनची खरी जागा. येथे त्याला तोड नाही. आग लागायला ऑक्सिजन हवा. तो नसला तर रबराच्या वाफा नुसत्याच कोंडून राहतात. भरलेला ट्रक बोरघाटातून किंवा कसाऱ्याच्या घाटातून ब्रेकवर पाय ठेवून उतरतो तेव्हा तीच उष्णता ड्रमवरून रिममध्ये आणि रिममधून टायरमध्ये शिरत असते. दगडाच्या आणि कोळशाच्या खाणींत चालणाऱ्या अजस्र ट्रकांना म्हणूनच नायट्रोजन भरण्याची पद्धत आहे. याच प्रकारचा एक धोका गॅरेजमध्ये दडलेला असतो : रिमला तडा गेला म्हणून टायर न उतरवताच वेल्डिंग करणे. आतले रबर तापून वाफा निघतात आणि रिमसकट टायर माणसाच्या अंगावर उडतो. जगात अनेक कारागीर असे मेले आहेत. हवा सोडून दिली, व्हॉल्व काढला, म्हणून हा धोका जात नाही. टायर रिमवरून उतरवलाच पाहिजे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, झाले तर मग, सगळ्या ट्रकांना नायट्रोजन सक्तीचा करा. त्याने आणखी एका विमानाची हकिकत ऐकून घ्यावी.

११ जुलै १९९१. हज करून निघालेल्या नायजेरियाच्या यात्रेकरूंना घेऊन एक डीसी-८ विमान जेद्दाच्या विमानतळावरून उडाले. त्याच्या दोन टायरांत हवा कमी होती. कमी आहे हे मेकॅनिकला चार दिवस आधीच कळले होते. टायर भरून घ्यायचे ठरलेही. पण नायट्रोजन लगेच हाताशी नव्हता, आणि उशीर कोणाला परवडत नव्हता. विमान तसेच सोडले. जुलैमधले जेद्दाचे ऊन, धावपट्टीपर्यंतचा लांबलचक रस्ता. जोडीच्या चाकांपैकी एक चाक मऊ असल्याने त्याचा भार शेजारच्या चाकावर गेला. ते तापून आधी फुटले, मग दुसरेही फुटले. एक चाक फिरायचे थांबले आणि धावपट्टीवर घासत पेटले. ते पेटलेले चाक वैमानिकांनी, नकळत, पोटात ओढून घेतले. २६१ माणसे गेली.

या दोन हकिकती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिल्या विमानात दोष निघाला तो चाकातल्या वायूच्या जातीत. दुसऱ्यात वायूच्या जातीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तो पुरेसा नव्हता, इतकेच. आणि आपल्या रस्त्यांवरचे ट्रक पाहिले तर रोजचे दुखणे दुसऱ्या जातीचे आहे.

कमी हवेचे चाक का फुटते? लोकांना वाटते, हवा जास्त झाली की फुटते, फुग्यासारखे. चांगला टायर जास्तीचे दहा-वीस पौंड सहज सोसतो. हवा कमी असली की मात्र त्याच्या बगला प्रत्येक फेऱ्याला दुमडतात आणि सरळ होतात. तार हाताने पुन:पुन्हा वाकवली की ती गरम होऊन तुटते. येथेही तेच घडते. धागे सुटतात, रबराचे थर उकलतात, आणि मग एक दिवस सरळ, मोकळ्या रस्त्यावर चाक उडते. ठरलेल्या दाबापेक्षा वीस टक्के कमी हवेवर धावलेले ट्रकचे चाक हवेवाचून धावले असेच टायरच्या धंद्यातले जाणकार समजतात. म्हणजे ११०च्या जागी ८८. ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर न थांबता, एकाच वेगाने तासन् तास जाता येते, आणि अशा चाकाला निवण्याची उसंत मिळत नाही.

त्यात ट्रकच्या मागच्या चाकांची जोडी असते. बाहेरचे दिसते, आतले दिसत नाही. त्याच्या व्हॉल्वपर्यंत हात नेणेही कटकटीचे. क्लीनर टॉमीने किंवा लाकडी दांडक्याने चाक ठोकून पाहतो आणि आवाजावरून सांगतो, "ठीक आहे." पूर्ण बसलेले चाक या ठोकण्याने कळते, ११०चे ८५ झालेले कळत नाही. तेवढ्यासाठी दाब मोजायचा गेजच लागतो. आणि आतले चाक मऊ झाले की त्याचा भार बाहेरचे घेते, जेद्दाला झाले तसेच.

दुसरी खोड उन्हाळ्यातली. 'उन्हात हवा फुगते, म्हणून कमी भरावी', किंवा दुपारी ढाब्यावर थांबल्यावर तापलेल्या चाकातून थोडी हवा सोडून द्यावी. ही समजूत ट्रकवाल्यांतच आहे असे नाही. मे महिन्यात गावी निघालेल्या कित्येक सुशिक्षित कुटुंबांतही ती आढळते. वरचाच हिशेब पुढे नेऊ. ७० अंशांवर १२७ पौंड झालेल्या चाकातून ड्रायव्हरने हवा सोडून ती ११०वर आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच चाक निवून ९५वर येते. त्या ९५वर तो पूर्ण माल घेऊन निघतो; चाक कालच्यापेक्षा अधिक दुमडते, अधिक तापते. दुपारी पुन्हा हात लावून पाहतो, पुन्हा हवा सोडतो. उन्हात वाढणारा दाब टायर बनवणाऱ्याने आधीच जमेस धरलेला असतो. हवा मोजायची ती चाक थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी.

नायट्रोजन घ्यायचाच असेल तर तो घेण्याचीही रीत आहे, आणि ग्राहक येथे नेमका फसतो. मोटारीच्या चाकात साधी हवा २५ पौंडांवर आली आहे. वरून नायट्रोजन भरून ती ३३ केली. हिरवी टोपी बसली, पैसे गेले. आत नायट्रोजन किती? ७८ टक्क्यांचे ८२ झाले असतील. चाक पूर्ण रिकामे करून भरले तरी आत एक वातावरणाची साधी हवा राहतेच. त्यामुळे मोटारीच्या चाकात एका भरण्यात नव्वद-एक्क्याण्णव टक्क्यांच्या पुढे मजल जात नाही, दोनदा भरून सोडावे लागते. ट्रकचे गणित बरे आहे. त्याचा दाबच इतका मोठा की आतली उरलेली हवा त्यात नगण्य होते. रिकामे करून एकदा भरले तरी पंचाण्णव टक्क्यांच्या जवळ पोचते. म्हणजे विमानाच्या नियमाच्या उंबरठ्यावर.

तेव्हा घाटात चालणारे ट्रक, खाणीतले ट्रक, टायरवर पुन्हा रबर चढवून घेणारे मालक, यांनी नायट्रोजनवर खर्च केला तर तो वाया जाणार नाही. पेट्रोल वाचते म्हणून घरच्या मोटारीत भरणाऱ्याने मात्र एवढे पाहावे, की चारही चाके एकेक पौंडाने उतरली तर अमेरिकन सरकारच्या हिशेबाने इंधनाचा फटका ०.२ टक्के बसतो. वर्षाकाठी वाचणाऱ्या त्या सव्वा पौंडाचे किती पैसे होतात ते ज्याचे त्याने मांडावे. त्याहून एखादा बरा गेज विकत घेऊन गाडीत ठेवला, आणि स्टेपनीचीही हवा त्याने अधूनमधून पाहिली, तर तो खर्च लवकर भरून निघेल.

राहिली एक शंका, जी हिरव्या टोपीवाले ट्रक ड्रायव्हर हमखास विचारतात : वाटेत चाक मऊ लागले, आणि पुढच्या पन्नास मैलांत नायट्रोजन नाही, तर काय करायचे? साधी हवा भरायची, ताबडतोब, पहिल्या टपरीवर. दोन वायू मिसळले म्हणून काही बिघडत नाही. ९५ पौंडांवर उतरलेल्या चाकात साधी हवा घालून ते ११० केले, तर आतला नायट्रोजन ९५ टक्क्यांवरून ९३वर येतो.